बँड बाहेर जेवला

नऊवारी साडी, गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या मोत्यांच्या माळा, कपाळाला चमचमती पट्टी आणि पट्टीत खोचलेलं पांढरं पीस. अशा थाटात आमच्या मंडळातल्या एक काकू माझ्यासमोर गिरकी घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सांग बरं, मी कुठल्या सालची?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही मला यंदाच्याच वाटताय." त्या हसल्या. मी हसले नाही. माझं डोकं तेव्हाच तापायला लागलं होतं, आणि जेवणं अजून व्हायची होती.

मंडळ म्हणजे फार मोठं काही समजू नका. ओहायोमध्ये डब्लिनच्या बाजूला राहणाऱ्या काही मराठी कुटुंबांचा हा ग्रुप. कुणी इन्शुरन्स कंपनीत, कुणी बँकेत, कुणी हॉस्पिटलमध्ये. गणपती, संक्रांत आणि वर्षाचं एक स्नेहसंमेलन, एवढाच त्याचा संसार. रिटायर झालेले एक हार्टचे डॉक्टर त्याचे अध्यक्ष. सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणतात. यंदाच्या स्नेहसंमेलनाची थीम ग्रुपवर मतं घेऊन ठरली: शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका, जॅझचा काळ. कोकणाची थीम मागे पडली, कारण जॅझचे कपडे ऑनलाइन मागवले की दुसऱ्या दिवशी दारात येतात.

या सगळ्यात मला ओढलं गेलं ते माझ्या वडिलांमुळे. बाबा जालन्याला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ही गोष्ट मी या देशात कधीच लपवली नाही. डॉक्टरकाकांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वा, म्हणजे घरातच संगीत. क्लासिकल का?" मी म्हटलं, "लग्नाचा बँड, काका. वरातीचा." ते म्हणाले, "नाइस, नाइस," आणि ढोकळ्याकडे वळले. त्यानंतर त्यांनी मला आडनाव, गाव, गावातली आळी वगैरे काही विचारलं नाही. जे काढायचं होतं ते एका उत्तरात निघालं होतं. आम्ही बौद्ध आहोत हेही मी सांगून टाकते, म्हणजे पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात.

लग्नसराईत बाबा कधीकधी मला बरोबर न्यायचे. लाल कोट, पिवळ्या दोऱ्या, डोक्यावर फेटा, आणि सगळ्या बँडच्या पुढे बाबांची काळी क्लॅरिनेट. गावभर मिरवत नवरदेवाला मांडवाच्या कमानीपर्यंत आणायचं. तिथे नवरदेव आत जायचा आणि बँड थांबायचा. बँडनं कमान ओलांडायची नसते, हे कुणी सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. आत अक्षता पडल्या की बाहेरून वाजवायचं. मग पाण्याच्या टँकरजवळ सतरंजी टाकून बसायचं. पंगतीवर पंगती उठायच्या, आणि उरलंसुरलं झालं की कुणीतरी पातेलं घेऊन बाहेर यायचं. बाबांनी ते कधी घेतलं नाही. त्यांच्या क्लॅरिनेटच्या पेटीत मखमलीच्या कापडाखाली आईनं दिलेली भाकरी असायची. आम्ही दोघं ती वाटून खायचो. मला आतल्या जिलबीचा वास यायचा आणि मी रडायचे, हेही खरं आहे.

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात गाडीतल्या रेडिओवर क्लॅरिनेट लागली. मी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये होते. गाणं शंभर वर्षांपूर्वीचं, वाजवणारा काळा माणूस, आणि सूर अगदी तसा, नवरी निघताना बाबा लावायचे तसा. मी इंजिन चालू ठेवून तिथेच बसून राहिले. नंतर लायब्ररीतून त्या काळावरची पुस्तकं आणत गेले, अजूनही आणते.

त्या दहा-पंधरा वर्षांत या देशाचं सगळं उलटंपालटं झालं. बायकांनी केस कापले, स्कर्ट आखूड झाले, त्या मत द्यायला लागल्या, गाडी हाकायला लागल्या. दारूवर बंदी आली, तर लोक तळघरांत जाऊन प्यायले. घरोघर रेडिओ आला. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवर पिचलेली काळी कुटुंबं रेल्वेत बसून उत्तरेच्या शहरांत आली आणि सगळा देश त्यांच्या संगीतावर नाचायला लागला. पण नाचला कसा, ते पुस्तकातल्या बारीक अक्षरात असतं. नावाजलेल्या क्लबांत स्टेजवर काळे आणि टेबलांवर गोरे. वाजवणाऱ्यानं मागच्या दारानं यायचं आणि मागच्या दारानं जायचं. त्याची बायको त्याचं वाजवणं ऐकायला पुढच्या दारानं आत येऊ शकत नव्हती.

त्याच वर्षांत आपल्यासारख्यांना इथलं नागरिकत्व नाकारलं गेलं. एका भारतीयानं कोर्टात म्हणणं मांडलं होतं की मी उच्च जातीचा आर्य आहे, मला गोऱ्यांत धरा. कोर्टानं त्याला हाकलून लावलं. आणि त्याच वर्षांत तिकडे महाराष्ट्रात आमची माणसं एका तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी चालत गेली होती आणि त्यासाठी त्यांनी मार खाल्ला होता. एकाच काळात जगाच्या दोन टोकांना ही दोन कुलपं. मला हे वाचताना राग येतो. तो शिळा होत नाही.

तर स्नेहसंमेलनात मी या काळाची दहा मिनिटं माहिती सांगावी असं ठरलं. मी हे सगळं लिहिलं आणि कमिटीला वाचून दाखवलं. कमिटीतला एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "इट्स ग्रेट, पण जरा हेवी होतंय. लोक एन्जॉय करायला येतात यार." काकू म्हणाल्या, "ते केस कापलेलं, स्कर्टचं, रेडिओचं छान आहे गं. ते ठेव." कोर्टातला तो उच्च जातीचा आर्य सगळ्यात आधी गेला. मग मागचं दार गेलं. तळ्याचा विषय तर निघालाच नाही, जणू मी तो वाचलाच नव्हता.

मी ते कापू दिलं. पण एक अट घातली. आमच्या लायब्ररीत दर महिन्याला एक म्हातारे काळे गृहस्थ क्लॅरिनेट वाजवतात. शाळेत संगीत शिकवायचे, आता रिटायर आहेत. त्यांचा चौघांचा छोटा बँड आहे. या कार्यक्रमाला त्यांना बोलवायचं, आणि बँडनं आपल्याबरोबर हॉलमध्ये, टेबलावर जेवायचं. मास्तरांची खुर्ची माझ्या वडिलांच्या शेजारी. डॉक्टरकाका म्हणाले, "ऑफ कोर्स. त्यात काय एवढं?"

मी मास्तरांना विचारायला गेले तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की तुमचे वडील खरंच क्लॅरिनेट वाजवायचे का. मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग मला त्यांच्याच शेजारी बसवा."

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे राहतात. आता कवळी आहे, फुंकता येत नाही. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तो बी बँडवाला?"

"हो."

"अन् आत बसणार?"

"हो बाबा. तुमच्या शेजारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी एकदा दाढी केली आणि आरशात बघून परत केली. मला कळलं की त्यांच्यासाठी हे साधं आमंत्रण नाही. ज्या कमानीशी ते आयुष्यभर थांबले, ती त्यांच्यासारखाच एक माणूस ओलांडताना त्यांना बघायची होती, आणि त्याच्या शेजारी बसून चार घास खायचे होते.

हॉल छान सजवला होता. पुरुषांनी उतरत्या कडांच्या हॅट घातल्या होत्या. मी केस, स्कर्ट आणि रेडिओ यांवर बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला स्वतःची शरम वाटली. मग बँड सुरू झाला. मास्तर खुर्चीवर ताठ बसून वाजवत होते. बाबांची बोटं मांडीवर चालत होती, मास्तरांच्या अगदी बरोबरीनं. मी माझ्या वडिलांना इतकं खूश क्वचित पाहिलंय.

जेवणाची घोषणा झाली. मी बाबांचं ताट वाढून आणलं, तर शेजारच्या खुर्चीवर घरं विकणारा एक एजंट बसून मसालेभात खात होता. कार्यक्रमाला त्याची स्पॉन्सरशिप होती. मी स्वतःच्या अक्षरात मास्तरांचं नाव लिहून ठेवलेलं कार्ड कुठेच नव्हतं. मी पीसवाल्या काकूंना गाठलं.

"बँड कुठे आहे?"

"अगं, त्यांची सोय बाहेर कॉरिडॉरमध्ये केलीय. आपलं स्पायसी त्यांना झेपणार नाही ना. मुलांसाठी पिझ्झा मागवला होता, त्यातलाच दिलाय. टेबल टाकून दिलंय, कोक दिलाय, सगळं नीट केलंय."

"ते माझ्या वडिलांशेजारी बसणार होते, काकू."

"हो, पण ऐन वेळी सीटिंग चेंज झालं. आणि त्यांनाही जरा प्रायव्हसी हवी असते गं."

तळपायाची आग मस्तकात गेली. काकू दुष्ट असत्या तर बरं झालं असतं. त्या बिचाऱ्या प्रेमानं बोलत होत्या. कुणी मिटिंग घेतली नव्हती, कुणी ठरवलं नव्हतं. जैन जेवणाचं टेबल वेगळं, उपासाचं वेगळं, मुलांचं वेगळं, हे लावता लावता बँड आपोआप बाहेर गेला होता. जालन्याला जायचा तसाच. अर्धं जग ओलांडून आलेली माणसं, मुलांना हार्वर्डची स्वप्नं दाखवणारी, शंभर वर्षांपूर्वीच्या क्लबांसारखे कपडे घालून आलेली. कपड्यांपर्यंत ठीक होतं. यांनी मागचं दारसुद्धा उभं करून ठेवलं, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी बाबांकडे आले. ते माझ्याकडेच बघत होते.

"बँडवाले कुठं जेवायलेत?"

"बाहेर." माझा आवाज चढला होता. "उठा बाबा. आपण दोघं ताटं घेऊन बाहेर जाऊ. त्यांच्याबरोबर जेवू. बसू देत या लोकांना इथे."

मला वाटलं मी फार मोठं काही बोलले. बाबांनी ताट माझ्या हातातून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"मी कशाला बाहेर जाऊ? लई बसलो बाहेर. त्याला आत बोलव."

आणि ते उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. "तो येईस्तोवर मी बसत न्हाई."

कॉरिडॉरमध्ये कोट टांगायच्या रॅकशेजारी एक घडीचं टेबल होतं. त्यावर पिझ्झ्याची अर्धवट रिकामी खोकी. चौघं कागदी प्लेटमध्ये खात होते. मी मास्तरांना म्हटलं, चूक झाली आहे, प्लीज आत चला, माझे वडील वाट बघताहेत. त्यांनी पेपर नॅपकिननं बोटं पुसली आणि शांतपणे विचारलं, "हे तुम्ही विचारताय की ज्यांचा कार्यक्रम आहे ते?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "मी."

"मग त्यांनी विचारलं की येतो," ते म्हणाले. रागानं नाही. हा प्रश्न त्यांनी आधीही कधीतरी विचारला असणार असं मला वाटलं.

मी डॉक्टरकाकांकडे गेले. ते केक कापायच्या तयारीत होते.

"काका, बँड बाहेर जेवतोय. तुम्ही हो म्हणाला होतात."

"अरेरे, असं झालं का? आय ॲम सो सॉरी. पण आत्ता कुठे ॲडजस्ट करू? टेबल्स फुल आहेत. नेक्स्ट इयर पक्कं."

"खुर्च्या मी आणते. तुम्ही फक्त कॉरिडॉरपर्यंत चला आणि आत या म्हणा. एवढंच."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तू प्रत्येक गोष्टीत ते आणू नकोस गं."

"काय आणू नको, काका?"

केक आला होता. लोकांनी फोन वर धरले, काकांनी सुरी धरली आणि हसले.

बाबा उभेच होते. सगळा हॉल बसून जेवत होता आणि मधोमध माझे वडील उभे. लोक येताजाता म्हणत होते, "काका, बसा ना." बाबा म्हणत होते, "ठीक हाय." तो एजंट म्हणाला, "गुडघे धरलेत का काका? बसून बसून होतं असं." ताटातला मसालेभात गार झाला. त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. मी शेजारी उभी राहिले. मला रडू येत होतं आणि ते मी रागानं अडवून धरलं होतं.

बँड परत आला, दुसरा भाग सुरू झाला. माणसं उठून नाचायला लागली, पिसं उडायला लागली. मास्तरांची नजर वाजवता वाजवता बाबांवर आली आणि पुन्हा पुन्हा येत राहिली. कार्यक्रम संपल्यावर क्लॅरिनेटचे भाग सुटे करून पेटीत ठेवून ते खाली उतरले आणि मला म्हणाले, "तुमचे वडील पूर्ण वेळ उभे होते. तब्येत बरी आहे ना?"

"तुम्ही बाहेर जेवत होतात म्हणून ते बसले नाहीत."

बाबांसमोर जाऊन त्यांनी हात पुढे केला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि उलटा करून उजवा अंगठा बघितला. क्लॅरिनेटचं सगळं वजन त्या अंगठ्यावर असतं, तिथे आयुष्यभराचा घट्टा पडतो. मास्तरांच्या अंगठ्याला होता. बाबांनी आपला अंगठा दाखवला. मास्तरांनी त्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि मी मध्ये पडून काही सांगायला गेले नाही. घरी येऊन बाबांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर फोटो आले. एका फोटोत सगळे बसलेले आणि बाबा एकटे उभे. खाली लिहिलं होतं: "स्टँडिंग ओव्हेशन! आपल्या सिनियर मोस्ट काकांची जॅझला दिलखुलास दाद." त्याखाली बदाम, टाळ्या, हात जोडलेले. डॉक्टरकाकांनी लिहिलं होतं, "धिस इज व्हॉट वुई आर." हा फोटो वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर घ्यायला माझी परवानगी आहे ना, असा मला वेगळा मेसेज होता.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं. ते चहात खारी बुडवत होते.

मी वाचून, समजावून सांगितलं. खारी चहात तुटून पडली. त्यांनी ती चमच्यानं काढली नाही.

"सगळ्यांनी वाचलं?"

"हो."

"मग तू बी लिही."

मी लिहिलं: "ते दाद द्यायला उभे नव्हते. बँड बाहेर जेवत होता, म्हणून ते बसले नाहीत आणि जेवलेही नाहीत."

निळ्या खुणा पटापट उमटल्या. मग कुणीतरी उन्हाळी पिकनिकची जागा विचारली. दुपारपर्यंत ग्रुपची सेटिंग बदलली होती. आता तिथे फक्त ॲडमिन लिहू शकतात.

संध्याकाळी डॉक्टरकाका स्वतः आले. हातात मिठाईचा बॉक्स होता. बूट काढून सोफ्यावर टेकले. "मिसअंडरस्टँडिंग झालं गं. लोक अपसेट झालेत. तो मेसेज तेवढा डिलीट कर. नेक्स्ट इयर बाबांनाच चीफ गेस्ट करू." मग त्यांनी वर पाहिलं. बाबा जेवणाच्या टेबलाशी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"काका, तुम्ही बसा ना."

बाबा बसले नाहीत. वयानं मोठा माणूस उभा, आपण बसलेले, हे डॉक्टरकाकांना सहन होईना. तेही उठले. माझ्या घरात दोन म्हातारे समोरासमोर उभे राहिले. मी चहा आणून ठेवला. तो तसाच राहिला.

"त्या मास्तरला आत जेवायला बोलवा," बाबा म्हणाले. "तुम्ही, तुमच्या तोंडानं."

"हो, बघू ना. पण असं किती वेळ उभं राहणार तुम्ही?"

"ते तुमच्या हाती हाय, डॉक्टरसाहेब," बाबा म्हणाले.

डॉक्टरकाका दाराशी गेले आणि बूट घालायला वाकले. नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. बाबा उभेच होते.